झिनो डेव्हिडॉफ

झिनो डेव्हिडॉफ (जन्म : ११ मार्च १९०६, मृत्यू : १४ जानेवारी, १९९४) हे स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथील तंबाखूचे व्यापारी आणि सिगारचे जगद्‌विख्यात पारखी होते. त्यांचे नाव आज अनेकांना सुगंधी द्रव्यांवरून ठाऊक असते. त्यांची मूळ ख्याती मात्र सिगारची होती.

पूर्वायुष्य

डेव्हिडॉफ यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यात, आजच्या युक्रेनमध्ये, एका ज्यू कुटुंबात झाला. ज्यूंवरील अत्याचारांमुळे हे कुटुंब १९११ साली जिनिव्हास आले आणि वडिलांनी तेथे तंबाखूचे दुकान थाटले. लेनिन या दुकानाचे गिऱ्हाईक होते, अशी आठवण डेव्हिडॉफ पुढे सांगत. मात्र त्या वर्षांत लेनिन यांचे स्वित्झर्लंडमधील वास्तव्य मुख्यतः बर्न व झ्युरिक येथे होते, हे लक्षात घेऊनच ती वाचावी.

तरुणपणी डेव्हिडॉफ दक्षिण अमेरिकेत गेले. अर्जेंटिना आणि ब्राझील पाहून ते क्यूबास पोहोचले व तेथील तंबाखूच्या मळ्यांवर प्रत्यक्ष काम करून हे पीक शिकले. परतल्यावर त्यांनी वडिलांच्या दुकानाची सूत्रे घेतली. सिगार सुमारे ७० टक्के आर्द्रतेत ठेवली नाही तर पान सुकून चव जाते. त्यामुळे योग्य आर्द्रतेच्या साठवणुकीवर त्यांचा विशेष भर असे.

सिगारची पारख

सिगारचा जोर आणि तिच्या चवीचा भरीवपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोर आतील पानांच्या मिश्रणावर अवलंबून असतो : रोपाच्या शेंड्याकडील पाने ऊन अधिक खाल्ल्याने तिखट असतात, मधली सुगंध देतात, तर तळाची चांगली जळतात. शेंड्याची पाने थोडी वाढवली, की मध्यम सिगार कडकपणाकडे झुकते. तेव्हा तिचे मोल ठरते ते तिखटपणाआड चव दडपली जाते की नाही, यावर. धूर सहज ओढला जातो का, राख एकसारखी धरते का, शेवटच्या तिसऱ्या भागात कडवटपणा किती येतो, हेही पाहिले जाते. मिनिटाला साधारण एकच झुरका घ्यावा, असा डेव्हिडॉफ यांचा आग्रह होता, कारण घाईने सिगार तापते व तापलेला तंबाखू कडू लागतो. धूर छातीत न घेता तोंडातच घोळवला, तरी मुखाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी बोर्दो प्रांतातील प्रसिद्ध मद्यांच्या नावांवरून ‘शातो’ ही मालिका बाजारात आणली. १९६७ साली त्यांचे सिगारविषयक पुस्तक फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाले. पुढे क्यूबाच्या सरकारी तंबाखू संस्थेच्या सहकार्याने त्यांच्या नावाच्या सिगार हवाना येथील ‘एल लागितो’ कारखान्यात वळल्या जाऊ लागल्या. त्यांत शातो मालिका कडक, ‘क्रमांक १’ व ‘क्रमांक २’ नाजूक, तर हजारांच्या अंकांनी ओळखली जाणारी मालिका या दोहोंमधली मानली जाई.

क्यूबाशी फारकत

१९७० मध्ये डेव्हिडॉफ यांनी व्यवसाय बाझल येथील ओएटिंगर समूहास विकला. स्वतः मात्र त्याचे प्रतिनिधी म्हणून देशोदेशी फिरत राहिले. १९८०च्या दशकात क्यूबाहून येणाऱ्या मालाच्या दर्जावरून, तसेच नाममुद्रेच्या हक्कांवरून, वाद विकोपास गेला. ऑगस्ट १९८९ मध्ये निकृष्ट ठरवलेल्या एक लाख तीस हजारांहून अधिक सिगार जाहीरपणे जाळण्यात आल्या. ज्या बेटावर ते हा धंदा शिकले आणि ज्याच्या मातीवर त्यांची कीर्ती उभी होती, त्याच्याशी नाते तोडण्याची ही किंमत लहान नव्हती. त्यानंतर उत्पादन डॉमिनिकन प्रजासत्ताकात हलवण्यात आले. तेथील तंबाखू तुलनेने सौम्य असल्याने जुन्या ग्राहकांना ओळखीची चव नव्याने जुळवून घ्यावी लागली. क्यूबात वळलेल्या जुन्या ‘डेव्हिडॉफ’ सिगारना संग्राहकांकडून आजही मोठी मागणी असते.

वयाच्या ८७ व्या वर्षी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.