बालोद्यानाचे जनक : फ्रीड्रिख फ्रोबेल

चैत्राची पालवी फुटूं लागली कीं बालवर्गांत एक गमतीचा देखावा दृष्टीस पडतो. कुंडींत पेरलेल्या वालाला मोड आला कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं चिमुकलीं मुलें दिवसांतून दहा वेळां धांवतात. कोणी पानें मोजतें, कोणी मातीचें झाड करतें, तर कोणी लाकडी ठोकळ्यांचें कुंपण रचतें. पुष्कळ पालकांस हा नुसता पोरखेळ वाटतो व आपलें मूल अक्षरें केव्हां गिरवूं लागणार, अशी त्यांस काळजी पडते. ज्या पुरुषानें ह्या खेळाला शिक्षणांत मानाचें स्थान मिळवून दिलें, त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

फ्रीड्रिख फ्रोबेल ह्यांचा जन्म जर्मनींतील थुरिंगिया प्रांतांत, ओबरवाइसबाख ह्या डोंगराळ गांवीं, ता. २१ एप्रिल १७८२ रोजीं झाला. त्यांचे वडील पाद्री होते. मूल अवघें नऊ महिन्यांचें असतांना आई निवर्तली. पुढें सावत्र आई घरीं आली. परंतु तिला स्वतःचें मूल झाल्यावर ह्या पोराकडे पाहणारें कोणी उरलें नाहीं. वडील धर्मकार्यांत गुंतलेले. त्यांच्या दृष्टीनें मुलगा मंदबुद्धीचा. अशा स्थितींत घरची बाग हीच त्याची सोबतीण झाली. दहाव्या वर्षीं मामांनीं त्याला आपल्या घरीं श्टाटइल्म येथें नेलें, तेव्हां प्रेमाचा शब्द म्हणजे काय, हें त्याला प्रथम कळलें.

ह्यापुढचीं कित्येक वर्षें त्यांनीं चाचपडण्यांत घालविलीं. दोन वर्षें ते एका वनाधिकाऱ्याच्या हाताखालीं उमेदवार होते. नंतर येना येथील विद्यापीठांत गेले. पण कर्ज फेडतां न आल्यामुळें तेथील कोठडींत त्यांस नऊ आठवडे काढावे लागले. इ. स. १८०५ मध्यें वास्तुविद्या शिकण्यासाठीं ते फ्रांकफुर्टला आले असतां त्यांस एका शाळेंत शिक्षकाची जागा मिळाली. मुलांसमोर उभे राहतांच आपलें जीवितकार्य त्यांस उमगलें. पुढें १८०८ पासून १८१० पर्यंत स्वित्झर्लंडांत इव्हर्डन येथें पेस्तालोझी ह्या थोर शिक्षणतज्ज्ञाजवळ राहून त्यांनीं अध्ययन केलें. १८१३ सालीं नेपोलियनाविरुद्धच्या युद्धांत ते स्वयंसेवक म्हणून गेले.

इ. स. १८१६ मध्यें आपल्या पुतण्यांना हाताशीं घेऊन त्यांनीं स्वतःची शाळा काढली व दुसऱ्याच वर्षीं ती काइलहाउ ह्या खेड्यांत नेली. अनुभवाअंतीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, मूल शाळेंत येण्यापूर्वींचीं जीं वर्षें, त्यांतच त्याच्या मनाची मुळें रुजतात. आणि त्याच वर्षांकडे कोणाचें लक्ष नसतें. म्हणून १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग गांवीं त्यांनीं अगदीं लहान मुलांकरितां संस्था उघडली. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोल, घन, पंचपात्रीसारखी नळकांडी व आठ तुकड्यांचा ठोकळा, अशीं खेळणीं त्यांनीं योजिलीं व त्यांस ‘देणग्या’ असें नांव दिलें. संस्थेला साजेसें नांव मात्र पुष्कळ दिवस सुचेना. एकदां डोंगरवाटेनें चालत असतां तें त्यांस अकस्मात् सुचलें, असें सांगतात. ‘किंडरगार्टन’ म्हणजे मुलांची बाग. हें नांव १८४० सालीं रूढ झालें.

हें नांव केवळ अलंकारिक नव्हतें. फ्रोबेल ह्यांच्या योजनेंत खरीखुरी बाग असे. मध्यभागीं प्रत्येक मुलाचा स्वतःचा लहानसा वाफा आणि सभोंवार सर्वांचे सामाईक वाफे. थुरिंगियांतील हिंवाळा कडक. बर्फ वितळून वसंत आला कीं मुलांनीं माती उकरावी, बीं पेरावें, पाणी घालावें. स्वतःच्या वाफ्यांत मुलाला मोकळीक होती. सामाईक वाफ्यांची निगा सर्वांनीं मिळून राखावयाची. स्वातंत्र्य व परस्परसाहाय्य हे दोन्ही धडे पुस्तकावांचून मिळत. ज्याला आईची मांडी मिळाली नाहीं व बागेनें आसरा दिला, त्यानेंच तोच आसरा परक्या मुलांसाठीं उभा केला, हें आम्हांस विशेष वाटतें.

परंतु म्हातारपणीं त्यांच्यावर मोठा घाला आला. त्यांचे पुतणे कार्ल ह्यांचीं मतें सरकारला रुचत नव्हतीं. काका-पुतण्यांच्या नांवांचा घोटाळा होऊन, हीं बालोद्यानें नास्तिकपणा व समाजवाद शिकवितात, असा ठपका ठेवून प्रशियाच्या सरकारनें ऑगस्ट १८५१ मध्यें तीं बंद करविलीं. फ्रोबेल ह्यांनीं विनवण्या केल्या. त्या व्यर्थ गेल्या. ता. २१ जून १८५२ रोजीं, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, मारिएनथाल येथें त्यांचें देहावसान झालें. बंदी उठली ती १८६० सालीं. तो दिवस पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. श्वाइना गांवीं त्यांच्या समाधीवर घन, नळकांडें व गोल हीं त्यांचीं खेळणींच दगडांत घडवून एकावर एक रचलीं आहेत.

पण बीं मेलें नाहीं. त्यांच्या शिष्यिणींनीं तें देशोदेशीं नेलें. पंडिता रमाबाई १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या, तेव्हां त्यांनीं ह्याच पद्धतीचा अभ्यास केला व १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढलें, तेव्हां तिचा उपयोग केला. अशा रीतीनें थुरिंगियांतील रोप महाराष्ट्राच्या मातींत आलें.

पालकहो, अंकुर लवकर वाढावा म्हणून माळी तो ओढीत नाहीं. तो पाणी घालतो, तण काढतो आणि धीर धरतो. आपलें बाळ मातीनें माखलेले हात घेऊन घरीं येईल, तेव्हां त्याच्यावर रागावूं नका. आज तुम्ही काय पेरलें, एवढेंच त्याला विचारा.