लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि पोलादाची कातडी

गेल्या पावसाळ्यात भालकीच्या रस्त्यावर माझ्या सायकलचे मागचे चाक करकरू लागले. हब उघडून पाहतो तो कोनावर खड्डे! कोन स्वस्तात घेतलेला, वरून चकचकीत, पण केस-हार्डनिंग कच्चे. मऊ पोलादाचा भाग कोळशाच्या भुकटीत पेटीबंद करून सुमारे ९०० अंशांवर काही तास तापवतात. कार्बन वरच्या थरात मुरतो. मग लोहार म्हणतात तसे पाणी दिले, की कातडी कठीण होते आणि गाभा चिवट राहतो. कातडी पातळ राहिली तर छर्रे ती फोडतात. फार खोल गेली तर भाग ठिसूळ. पाणी देताना तो वाकतो, हा ताप वेगळाच. मोटारीच्या गिअरचे दातही याच युक्तीवर टिकतात.

सायकल म्हटली, की मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. आपल्यासारखेच कानडी मुलखातले मराठी घर. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, पण रंगच नीट ओळखू येईनात! मग यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावास आले. तेथे बंधू रामूअण्णांसह सायकलींचा धंदा होताच. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होईल, या समजुतीने शेतकरी नांगराला हात लावीनात. गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे गेली. आमच्या काळ्या रानात लाकडी नांगर ओढणाऱ्या बैलांचे हाल ज्याने ऐकले आहेत, त्याला ही दोन वर्षे फार लांब वाटतील.

बेळगावची जागा नगरपालिकेला हवी झाली. तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळ दिला, बिनव्याजी कर्जही दिले. सन १९१०. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. शिक्षा भोगून आलेल्यांना लक्ष्मणरावांनी तेथे पहाऱ्यावर नेमले, ही गोष्ट मला त्यांच्या साऱ्या यंत्रांहून मोठी वाटते. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळविण्यास दिल्या. तोफांचे नांगर झाले. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले.

नवा कोन घेताना मी खिशात कानस नेली. दुकानदार हसला. कानस कोनावरून घसरली, ओरखडा उठला नाही, तेव्हाच पैसे दिले.