बॉस्टनचा जामीनदार

अमेरिकेतील बॉस्टन शहरी जॉन ऑगस्टस नावाचा एक बूट तयार करणारा कारागीर होऊन गेला. तो वकील नव्हता, न्यायाधीशही नव्हता. तरी जगभरच्या न्यायालयांनी त्याच्यापासून जे घेतले, त्याचे स्मरण आम्हांस आज करावेसे वाटते.

ऑगस्ट १८४१ मध्ये तो पोलीस कोर्टात बसला असता एका फाटक्या दारुड्याला पुढे आणण्यात आले. ऑगस्टस दारूबंदी मंडळाचा सभासद होता. त्याने त्या माणसाशी चार शब्द बोलून पाहिले, मद्य सोडण्याचे वचन घेतले आणि तो त्याला जामीन राहिला. तीन आठवड्यांनी तो माणूस परत आला तेव्हा ओळखू येईना. न्यायाधीशांनी एक सेंट दंड व कोर्टखर्च एवढ्यावर त्याला सोडले.

ऑगस्टसने हे काम पुढे मरेपर्यंत केले. १८४३ पासून तो मुलांनाही जामीन राहू लागला. मात्र त्याची दया आंधळी नव्हती. आरोपीचे वय, पूर्वीची वागणूक, सोबत कोणाची, हे तो आधी तपासी. बहुधा पहिलाच गुन्हा असलेल्यांना निवडी. मग त्यांना घर व काम पाहून देई आणि ते कसे वागतात याची नोंद ठेवून कोर्टाला कळवी. विरोधही झाला. कैदी कमी झाला की तुरुंगाच्या नोकरांची फी बुडे. धंदा मागे पडला, पण त्याने काम सोडले नाही. १८५८ पर्यंत १,९४६ जणांना तो जामीन राहिला. त्यांपैकी केवळ दहांचा जामीन जप्त झाल्याचे सांगतात.

२१ जून १८५९ रोजी तो वारला. १८७८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा करून बॉस्टनमध्ये हे काम पगारी अधिकाऱ्याकडे सोपविले. आपल्याकडे मुंबई प्रांतात १९३८ मध्ये व सर्व देशासाठी १९५८ मध्ये प्रोबेशनचा कायदा झाला. जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात एकवीस वर्षांखालील आरोपीस कैद द्यावी की नाही, हे ठरविताना कोर्टाने प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल पाहावा, असे हा कायदा सांगतो. ऑगस्टसची चौकशी ती हीच.

शिक्षा किती कडक, हे आपण नेहमी विचारतो. शिक्षेनंतर तो माणूस पुन्हा गुन्ह्याकडे वळला की नाही, हे ऑगस्टसने विचारले आणि उत्तर लिहून ठेवले. आपल्या वस्तीत असा कोणी तरुण परत आला, तर त्याला काम कोण देणार, एवढा तरी विचार आपण करावा.