पिशवी न घेता आलेल्या बाळंतिणींचं माहेर

आमच्या चितेगावात शेजारच्या काकूंची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा महिना लागला तशी घरात एकच गडबड. काकूंनी जुनी मऊ सुती पातळं फाडून दुपटी केली, लंगोट शिवले, सगळं गरम पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवलं. आजीबाईंचं आपलं वेगळंच. बाळ जन्मायच्या आधी नवे कपडे आणायचे नसतात, असा त्यांचा हट्ट. म्हणून मग जावेच्या मुलाची झबली-टोपडी मागून आणली. डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा यांच्या पुड्या फळीवर रांगेनं मांडल्या. आणि दाराशी एक भरलेली पिशवी. रात्री-अपरात्री कळा सुरू झाल्या तर उचलायची आणि निघायचं.

त्याच आठवड्यात बचत गटाच्या कामासाठी मी भाड्याच्या खोल्यांकडे गेले होते. आमचं गाव पैठण रस्त्यावरचं, कारखान्यांच्या शेजारचं. त्यामुळे पोटापाण्यासाठी बाहेरून आलेली माणसं पुष्कळ. तिथं एक मुलगी भेटली. वीस-एकवीस वर्षांची, दिवस भरत आलेले. लग्न घरच्यांच्या मनाविरुद्ध केलेलं. नवरा दोन महिन्यांपासून परागंदा. माहेरचं दार बंद. पिशवी भरून ठेवलीस का, असं मी आपलं सवयीनं विचारून गेले. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, की भरायला काही असावं लागतं, आणि ती धरून सोबत यायला कुणी असावं लागतं.

घरी येताना मला सारखी सावित्रीबाई फुल्यांची आठवण येत होती. तुम्ही म्हणाल, सावित्रीबाईंचा इथं काय संबंध? त्या तर पहिल्या शिक्षिका. ३ जानेवारीला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, मुलींची भाषणं होतात. पण सावित्रीबाईंनी शाळेइतकंच मोठं आणखी एक काम केलं. पिशवी नसलेल्या, सोबत नसलेल्या बायकांची बाळंतपणं त्यांनी आपल्या घरी केली. त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. म्हणून आज त्यांची गोष्ट त्या बाजूनं सांगते.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० साली, म्हणजे नवव्या वर्षी, त्यांचं लग्न पुण्याच्या जोतिराव फुल्यांशी झालं. जोतिराव तेव्हा तेरा वर्षांचे. बायकोला शिकवणं हे त्या काळी पाप समजत. जोतिरावांनी ते केलं आणि सावित्रीबाईंनी ते नेटानं निभावलं. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तिथं शिकवू लागल्या.

रस्त्यानं जाताना लोक त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण टाकत. म्हणून त्या पिशवीत एक जादा लुगडं ठेवत आणि शाळेत पोचल्यावर बदलत, असं सांगतात. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. रडत घरी परतायचं नाही, पुढं काय होणार ते ओळखून तयारीनिशी निघायचं, हा त्यांचा स्वभावच होता. १८४९ साली समाजाच्या दडपणापायी सासऱ्यांनी दोघांना घराबाहेर काढलं. अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडणं म्हणजे काय आणि बंद झालेलं दार कसं दिसतं, हे त्यांना ऐन अठराव्या वर्षी कळलं.

आता त्या काळच्या विधवांचं बघा. आठव्या-नवव्या वर्षी लग्न, आणि नवरा गेला की जन्मभराचं वैधव्य. १८५६ साली विधवा विवाहाचा कायदा झाला, पण उच्च जातींत तसं लग्न करायची छाती कुणाला होती? केशवपन करून ती पोर घरातल्या एका कोपऱ्यात पडायची. राबायला सगळ्यांची, मायेला कुणाचीच नाही. अशा पोरीला कुणी फसवलं, कधी तर घरातल्याच माणसानं गाठलं, आणि दिवस गेले, तर गुन्हा तिचा एकटीचा. मग ती कसलेकसले विषारी काढे घ्यायची, विहीर जवळ करायची, नाहीतर जन्मलेल्या जिवाचा गळा दाबायची.

अशीच एक काशीबाई. तरुण ब्राह्मण विधवा, जोतिरावांचे मित्र गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्यानं तिला फसवलं आणि दिवस राहिल्यावर हात वर केले. गर्भ पाडायचे उपाय करून झाले, ते साधले नाहीत. मुलगा झाला. भीतीनं आणि लाजेनं तिनं त्या बाळाला मारलं आणि विहिरीत टाकलं. पुण्याच्या कोर्टात खटला चालला आणि तिला जन्मठेपेची शिक्षा होऊन अंदमानला पाठवलं. तो शास्त्री मात्र गावात उजळ माथ्यानं फिरत राहिला.

हळहळणारे तेव्हाही पुष्कळ असतील. फुले पतिपत्नी हळहळून थांबले नाहीत. १८६३ साली त्यांनी आपल्याच घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं आणि शहरात ठिकठिकाणी जाहिराती लावल्या. कुणा विधवेचं पाऊल वाकडं पडलं असेल तर तिनं इथं यावं, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा इथंच ठेवावं, त्याचा सांभाळ केला जाईल, असा त्यांचा आशय होता. विचार करा, ज्या शहरात मुलींना शिकवते म्हणून शेण अंगावर आलं, त्याच शहरात हे जाहीरपणे भिंतीवर लावायचं!

जाहिरात लावली तरी घरात आलेल्या बाईला सांभाळणार कोण? ते काम सावित्रीबाईंचं. आपल्यापैकी जिनं कुणाचं एक बाळंतपण काढलंय तिला सांगायला नको. पाणी तापवायचं, जुनं मऊ कापड धुऊन तयार ठेवायचं, रात्रभर दिवा सांभाळायचा, बाळंतिणीला शेक आणि पथ्याचं खाणं द्यायचं, बाळाला न्हाऊ घालायचं. आपण हे आपल्या लेकीसाठी नऊ महिने आधीपासून जमवतो. इथं येणारी बाई कधी येईल ते माहीत नाही, बहुधा अंधारातच येणार, आणि हातात काही घेऊन येणार नाही. म्हणजे तिची पिशवी त्या घरानंच भरून ठेवायला हवी.

या कामाचा जोतिरावांनी १८८४ साली लिहून ठेवलेला हिशोब वाचला की पोटात कालवतं. तोवर ३५ विधवा त्या घरात बाळंत झाल्या होत्या. त्यांची ५ मुलं जगली, ३० गेली. का गेली? आयांनी दिवस लपवण्यासाठी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी ती पोटातच खचली होती, असं त्यांनी लिहिलंय. बायका त्या घरापर्यंत पोचल्या, पण उशिरा पोचल्या. भीती त्यांच्या आधी पोचली होती. म्हणून मला वाटतं, बाळंतपणाची पहिली तयारी दुपट्यांची नसते. पोटुशी बाईला कुणाला तरी खरं सांगता येणं, ही पहिली तयारी. पिशवी त्याच्यानंतर.

सावित्रीबाईंना स्वतःला मूल नव्हतं. तेवढ्यासाठी जोतिरावांनी दुसरं लग्न केलं नाही, हेही त्या काळी नवलच. १८७४ साली अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. त्याचं नाव यशवंत. जगानं ज्याला पाप म्हटलं असतं, त्या पोराला त्यांनी आपलं आडनाव दिलं आणि १८८७ च्या मृत्युपत्रात वारस केलं. यशवंत पुढे डॉक्टर झाला.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतिराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं कोण धरणार यावरून भाऊबंदांनी वाद घातला, कारण यशवंत दत्तक. तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवं स्वतःच्या हातात घेतलं आणि त्या पुढे चालू लागल्या. बाईनं हे करणं आजही कित्येक गावांत लोकांना पचत नाही.

१८९७ साली पुण्यात प्लेगचा हाहाकार झाला. यशवंतरावांनी शहराबाहेर, हडपसरच्या बाजूला, सासण्यांच्या मळ्यात दवाखाना उघडला. सहासष्टीतल्या सावित्रीबाई आजाऱ्यांना आणू लागल्या. मुंढव्याच्या गायकवाडांचा लहान मुलगा प्लेगनं तापलाय हे कळलं, तेव्हा त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आयुष्यभर लोकांची लेकरं सांभाळली, आणि जाताना पाठीवर लेकरूच होतं.

आता आपल्याकडे वळूया. आज सोयी आहेत, त्या हक्कानं मागा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ साली सुरू झाला. त्याखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी हे सगळं मोफत आहे. १०२ किंवा १०८ ला फोन करायचा. आपल्या आशाताईचा नंबर घरातल्या प्रत्येकाजवळ असू द्या.

पिशवी आठवा महिना लागला की भरून ठेवा. आईसाठी पुढून उघडणारे दोन-तीन सैल गाऊन, परकर, मोठे पॅड, टॉवेल, चप्पल, पाण्याची बाटली, ताट-वाटी. बाळासाठी धुऊन उन्हात वाळवलेली सहा-सात दुपटी, झबली, लंगोट, टोपी, मोजे. नवे कपडे नकोत असं घरात असेल तर वाद घालू नका. जुनं धुतलेलं सुती कापड बाळाला मऊच लागतं. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे आणि रक्तगटाचे कागद, आधार कार्ड आणि पासबुकाची झेरॉक्स एका वेगळ्या पिशवीत. दुधाची बाटली, मध, घुटी मात्र पिशवीत नको. बाळाला पहिल्या तासातच अंगावर घ्यायचं, ते चिकाचं दूध वाया घालवायचं नाही. आणि रक्त जाऊ लागलं, पाणी गेलं, डोकं असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारलं, किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर पिशवी राहिली तरी चालेल, आधी दवाखाना गाठा.

आणि आपल्या ओळखीत कुणी अडचणीत सापडलेली असेल तर? तिला सांगा, १८१ ही महिलांसाठीची आणि १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. मूल सांभाळणं खरंच शक्य नसेल, तर ते जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे कायदेशीरपणे सोपवता येतं. नाव गुप्त राहतं आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. बाळ उकिरड्यावर किंवा विहिरीत जायचं काही कारण उरलेलं नाही. कारण उरलं असेल तर ते आपल्या जिभेचं. कुणाची मुलगी, कितवा महिना, नवरा कुठाय, असं आपण ओट्यावर बसून जे बोलतो, ते ऐकूनच एखादी पोर आपल्या दाराशी येत नाही.

त्या मुलीची पिशवी आम्ही गटातल्या बायकांनी मिळून भरली. काकूंनी आपल्या लेकीच्या ढिगातली चार दुपटी काढून दिली. आजीबाईंनी डिंकाचे लाडू बांधून दिले आणि नवरा कुठाय हे विचारलं नाही. कळा सुरू झाल्या तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. गाडीत तिच्यासोबत आम्ही दोघी होतो. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

तुमच्या गल्लीत अशी कुणी आहे का, एवढं बघाल ना?