वायफाय गेलं की राऊटर रिस्टार्ट करता ना? रिसीव्हर दमतो का, हे शोधता शोधता जगदीशचंद्र बोस झाडांपर्यंत पोहोचले

राऊटरचे दिवे लागलेले असतात. वायर थेट लॅपटॉपला जोडली तर नेट चालतं. पण मोबाईलवर वायफाय काही दिसत नाही. अशा वेळी घरोघरी उपाय एकच. बटण बंद करायचं, दहापर्यंत आकडे मोजायचे, बटण चालू करायचं. वायफाय परत येतं आणि ते गेलं का होतं, हे कोणी विचारत नाही.

बिनतारी यंत्रांचं हे रुसणं त्यांच्या जन्मापासूनचं आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीचा रिसीव्हर तर प्रत्येक सिग्नलनंतर अडकायचा. तेव्हाही त्याला टिचकी मारून लोक पुढे जायचे. कलकत्त्यातल्या एका प्राध्यापकाला मात्र तेवढ्यावर समाधान वाटलं नाही.

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा. वडील भगवानचंद्र इंग्रज सरकारच्या नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते, तरी मुलाला त्यांनी आधी बंगाली शाळेत घातलं. पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफाँ यांच्यामुळे त्यांना भौतिकशास्त्राची गोडी लागली. १८८० मध्ये ते डॉक्टर व्हायला लंडनला गेले. पण तापानं पिच्छा पुरवला, त्यात शवविच्छेदनाच्या खोलीतला वास सहन होईना. डॉक्टरकी सुटली आणि ते केंब्रिजला गेले. तिथे लॉर्ड रेले यांच्यासारखे शिक्षक मिळाले.

१८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागले. तिथे भारतीय प्राध्यापकाला इंग्रज प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार असे. नेमणूक हंगामी म्हणून बोस यांना त्याच्याही निम्मा, म्हणजे एक तृतीयांश. बोस यांनी ना भांडण केलं ना नोकरी सोडली. तीन वर्षं ते रोज शिकवत राहिले आणि पगाराला हात लावला नाही. घरी वडिलांच्या डोक्यावर कर्ज होतं, हे लक्षात घेतलं की या हट्टाची किंमत कळते. शेवटी सरकार नमलं. नोकरी कायम झाली आणि मागचा पगारही पूर्ण मिळाला.

संशोधन सुरू झालं १८९४ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी. हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगानं दाखवून दिल्या होत्या. त्यावरचं ऑलिव्हर लॉज यांचं लिखाण बोस यांच्या वाचनात आलं. प्रयोगशाळा म्हणून मिळाली न्हाणीघराला लागून असलेली २४ चौरस फुटांची खोली. मदतीला पत्र्याची कामं करणारा एक कारागीर. या दोघांनी मिळून अशी यंत्रं बनवली, ज्यांतून जेमतेम ५ मिलिमीटर लांबीच्या लहरी निघत.

हा आकडा किती लहान आहे? आपल्या राऊटरच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी साधारण साडेबारा सेंटिमीटरच्या असतात. बोस ६० गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचले होते. घरगुती वायफायच्या काही नव्या यंत्रणांनी हा पट्टा वापरायला सुरुवात केली ती एकविसाव्या शतकात! लहरी गाळून घ्यायला बोस यांनी काय वापरलं, तर रेल्वेचं वेळापत्रक. ब्रॅडशॉच्या जाडजूड पुस्तकाच्या पानांमध्ये वर्खासारखे पातळ धातूचे पत्रे घातले, झालं काम. जुडीसारखा पिळलेला तागही त्यांनी या प्रयोगांत वापरला.

१८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी भिंतींपलीकडून, तार न जोडता घंटा वाजवून आणि बारूद पेटवून दाखवली. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचं व्याख्यान झालं.

खरी डोकेदुखी मात्र रिसीव्हरची होती. त्या काळच्या रिसीव्हरला कोहेरर म्हणत. काचेच्या नळीत धातूचा कीस, दोन्ही टोकांना तारा, सोबत बॅटरी. लहर आली की किसाचे कण एकमेकांना चिकटत, वीज वाहू लागे आणि घंटा वाजे. पण कण चिकटले की चिकटूनच राहत. पुढचा सिग्नल हवा तर नळीला टिचकी मारावी लागे. त्यासाठी छोटी हातोडीही बसवत. तेव्हाचं रिस्टार्ट म्हणा ना. त्यात बंगालची दमट हवा, म्हणजे गंज आलाच.

बोस यांनी एकेक कारण तपासायला घेतलं. सुट्या किसाऐवजी बारीक स्प्रिंगा एकमेकींना टेकवून बसवल्या. स्क्रू फिरवून त्यांच्यावरचा दाब कमीजास्त केला. बॅटरीचा जोर बदलून पाहिला. वेगवेगळे धातू लावून पाहिले. १८९९ मध्ये त्यांनी लोखंड आणि पाऱ्याचा असा कोहेरर रॉयल सोसायटीपुढे मांडला, जो टिचकीशिवाय आपोआप पूर्ववत व्हायचा.

सोशल मीडियावर फिरणारी मार्कोनीनं शोध चोरल्याची गोष्ट इथूनच निघते. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिकपलीकडून सिग्नल पकडला तो पाऱ्याच्या कोहेररनं, आणि तो त्यांना इटलीच्या नौदलातून मिळाला होता. त्याचं मूळ बोस यांच्या १८९९ च्या कामात आहे, असा दावा १९९८ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात सविस्तर मांडला गेला. दाव्यात दम आहे. पण म्हणून रेडिओ पूर्ण बोस यांचा, असं म्हणणंही बरोबर नाही. मार्कोनींना संदेश दूर न्यायचे होते आणि त्यासाठी त्यांनी लांबलचक लहरी वापरल्या. बोस यांना लहरींचा स्वभाव समजून घ्यायचा होता.

शिवाय तोवर बोस भलत्याच वाटेला लागले होते. सतत सिग्नल देत राहिलं की रिसीव्हर मंदावतो आणि थोडा वेळ थांबलं की पुन्हा ताजातवाना होतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी त्याचा आलेख काढला. थकलेल्या स्नायूचा आलेखही तसाच उतरतो. मग धातूची तार, झाडाचं पान, प्राण्याचा स्नायू अशी रांगच लागली. तिघांना डिवचायचं आणि आलेख शेजारी शेजारी ठेवायचे. धातूवर विषाचाही परिणाम दिसतो, असं त्यांनी दाखवलं.

१९०१ मध्ये रॉयल सोसायटीत हे मांडलं तेव्हा मोठमोठे शरीरशास्त्रज्ञ बिथरले. भौतिकशास्त्राच्या माणसानं आमच्या अंगणात येऊ नये, असा एकूण सूर होता. लेखाची छपाई रोखली गेली. बोस यांनी १९०२ मध्ये सरळ पुस्तक काढलं. धातू सजीवासारखा दमतो, हे त्यांचं म्हणणं आज कोणी जसंच्या तसं मानत नाही. धातूंच्या स्पर्शाच्या जागी असलेल्या पातळ थरांमध्ये बदल होतात, असं आता सांगितलं जातं. पण कोहेरर का बिघडतो या प्रश्नाला त्या काळात इतकं गंभीरपणे घेणारे लोक फार नव्हते.

याच धडपडीत त्यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजापासून लहरी पकडणारा डिटेक्टर बनवला. पेटंट घेणं त्यांना पटत नव्हतं. भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांनी आग्रह धरला म्हणून १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज गेला आणि १९०४ मध्ये पेटंट मिळालं. सेमीकंडक्टरच्या उपकरणाचं हे जगातलं पहिलं पेटंट मानतात. बोस यांनी त्यातून पैसा केला नाही. आज प्रत्येक राऊटरमधली चिप सेमीकंडक्टरचीच असते.

पुढची वर्षं झाडांची. झाडाची सूक्ष्म वाढ मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ त्यांनी बनवला. १९१७ मध्ये, आपल्या वाढदिवशी, कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट उभी केली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्याच वर्षी त्यांचं इंग्रजी चरित्र आलं. ते लिहिणारे पॅट्रिक गेडिस तेव्हा मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे प्रमुख होते.

२० जुलै १९३७ ला मार्कोनी वारले, तेव्हा त्यांच्या मानार्थ जगभरातली रेडिओ केंद्रं दोन मिनिटं बंद ठेवली गेली. चारच महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला, गिरिडीहमध्ये बोस यांचं निधन झालं. आठवड्यानं ते ७९ वर्षांचे झाले असते.