डाइमबॅग डॅरेल: हेवी मेटलसाठी पिकअप घेण्याआधी या माणसाची गोष्ट वाचा



गेल्या वर्षी मी एक इलेक्ट्रिक गिटार घेतली. सेकंडहँड आणि स्वस्तातली. घरी आणून छोट्या अँपला जोडली, डिस्टॉर्शनचं बटण पूर्ण फिरवलं आणि तार छेडली. मला हवा होता जड, धारदार मेटलचा आवाज. आला तो नुसता चिखल! आणि वाजवणं थांबवलं की मागे सतत घूंऽऽ अशी घरघर.

मग काय, मोबाईल काढला आणि रात्री दोन वाजेपर्यंत मेटलसाठी चांगला पिकअप कोणता हे शोधत बसलो. एक नाव सारखं समोर येत होतं: डाइमबॅग डॅरेल. पँटेरा बँडचा गिटारिस्ट. त्याच्या नावाचा खास पिकअपसुद्धा बाजारात मिळतो. किंमत जवळजवळ माझ्या गिटारएवढी! तरी मी तो कार्टमध्ये टाकला. पैसे भरायच्या आधी सहज या माणसाबद्दल वाचायला लागलो आणि वाचून झाल्यावर तो कार्टमधून काढून टाकला. असं का केलं, तेच आज सांगतो.

स्टुडिओत वाढलेला मुलगा

डॅरेल लान्स अॅबट याचा जन्म २० ऑगस्ट १९६६ चा, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातला. वडील जेरी अॅबट हे कंट्री संगीतातले गीतकार आणि निर्माते. त्यांचा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता, त्यामुळे वाद्यं, मायक्रोफोन, केबल या गोष्टी डॅरेलच्या लहानपणापासून आजूबाजूलाच होत्या.

त्याने आधी ड्रम्स वाजवून बघितले. पण मोठा भाऊ विनी पॉल त्यात इतका पुढे गेला की डॅरेलने ड्रम्सचा नाद सोडला. बारा वर्षांचा असताना त्याच्या हातात गिटार आली. तीही भारी नव्हती. लेस पॉल मॉडेलची नक्कल असलेली होंडो कंपनीची स्वस्त गिटार आणि सोबत एक छोटासा अँप. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखीच सुरुवात! किस बँडचा गिटारिस्ट एस फ्रेली हा त्याचा हिरो. सुरुवातीला तर म्हणे वाजवता येत नसताना तो फ्रेलीसारखा मेकअप करून, गळ्यात गिटार अडकवून आरशासमोर उभा राहायचा.

पण लवकरच आरसा मागे पडला आणि खोलीत तासन्‌तास सराव सुरू झाला. वडील शिकवायचे, स्टुडिओत येणाऱ्या वादकांकडूनही तो शिकायचा. किशोरवयातच तो डॅलस परिसरातल्या गिटार स्पर्धा जिंकायला लागला. इतक्या जिंकल्या की शेवटी त्याला स्पर्धक म्हणून येऊ नको असं सांगितलं गेलं आणि परीक्षकाच्या खुर्चीत बसवलं गेलं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याचा आवाज म्हणून आज आपण ज्या सामानाची यादी पाठ करतो, त्यातल्या दोन मोठ्या गोष्टी त्याला बक्षीस म्हणून मिळाल्या होत्या. एक डीन कंपनीची एमएल गिटार, दुसरा रँडल कंपनीचा अँप. म्हणजे दुकानात चार तास उभं राहून केलेली निवड नव्हतीच ती!

आधी थोडं विज्ञान: पिकअप करतो काय?

पुढची गोष्ट कळायला हे माहीत पाहिजे. सोपं आहे.

पिकअपमध्ये चुंबक असतो आणि त्याच्याभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक वायरचे हजारो वेढे असतात. गिटारची तार स्टीलची असते. चुंबकामुळे तीही थोडी चुंबकीय होते. तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी छोटा विद्युतदाब तयार होतो. तोच सिग्नल केबलमधून अँपमध्ये जातो. शाळेत फॅरेडेचा नियम शिकलो होतो ना? तोच हा!

प्रॉब्लेम असा की ही कॉईल अँटेनाचंही काम करते. घरातल्या वायरिंगची, ट्रान्सफॉर्मरची घरघर ती पकडते. साध्या आवाजात ती फारशी जाणवत नाही. पण मेटलमध्ये आपण सिग्नल प्रचंड वाढवतो, मग त्यासोबत घरघरही तितकीच वाढते.

यावर गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हर या इंजिनिअरने उपाय काढला. १९५५ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. त्याची आयडिया अशी: एकाऐवजी दोन कॉईल शेजारी ठेवायच्या, दुसरीचा चुंबक उलटा आणि जोडणीही उलटी. तारेचा सिग्नल दोनदा उलटा होतो, म्हणजे सरळच राहतो आणि दोन्ही कॉईलचा मिळून वाढतो. बाहेरची घरघर मात्र चुंबकाला विचारत नाही, ती एकदाच उलटी होते आणि एकमेकींना मारते. फोनवर बोलताना दुसऱ्या माइकने पकडलेला गोंगाट वजा केला जातो, तसंच काहीसं समजा. या पिकअपचं नाव हंबकर.

म्हणजे लव्हरला हवी होती शांतता आणि त्याच शांततेच्या जोरावर पुढे बरंचसं हेवी मेटल उभं राहिलं.

विकलेली गिटार परत आली

आता डॅरेलकडे परत येऊ. स्पर्धेत जिंकलेली ती डीन गिटार त्याने चक्क विकून टाकली! कारण त्याला गाडी घ्यायची होती, पाँटिअॅक फायरबर्ड. त्या वयात कोणालाही गाडीच हवी असते.

ती गिटार फिरत फिरत बडी ब्लेझ या गिटार बनवणाऱ्या कारागिराकडे पोहोचली. त्याने तिचा रंग बदलून निळ्यावर वीज चमकल्याचं चित्र काढून घेतलं आणि तार ढिली-घट्ट करून आवाज खाली-वर नेणारा फ्लॉइड रोझ ब्रिज बसवला. आणि मग गिटार पुन्हा डॅरेललाच देऊन टाकली. हीच ती मेटलच्या इतिहासातली एक अतिशय ओळखीची गिटार, डीन फ्रॉम हेल.

या गिटारच्या ब्रिजजवळच्या जागेत होता एल-५००एक्सएल हा हंबकर. तो बिल लॉरेन्स या जर्मनीत जन्मलेल्या पिकअप डिझायनरच्या नावाचा. या पिकअपमध्ये काय वेगळं होतं?

- आउटपुट जास्त. सिग्नल जोरात येतो, त्यामुळे अँप लवकर डिस्टॉर्ट होतो.
- गोल खिळ्यांऐवजी सलग पट्ट्या. तार वाकवून सूर चढवला तरी ती पट्टीच्या वरच राहते, आवाज मध्येच पडत नाही. डॅरेल तर तारा कशाही खेचायचा!
- ब्रिजजवळची जागा. तिथे तार कमी हलते, त्यामुळे आवाज टोकदार आणि बास आटोपशीर. मेटलच्या रिफसाठी हेच लागतं.

आणि त्याचा अँप होता सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणारा. तेव्हा मोठे गिटारिस्ट व्हॉल्व्हचे अँप वापरायचे, कारण त्यांचा आवाज ऊबदार मानला जातो. डॅरेलला ऊब नकोच होती. त्याला करवतीसारखा आवाज हवा होता आणि बक्षिसातला तो अँप तसाच वाजायचा. लोक ज्याला कमीपणा म्हणायचे, तोच त्याने आपला आवाज केला.

भाऊ आधी, बँड नंतर

डॅरेल आणि विनी यांनी १९८१ मध्ये पँटेरा सुरू केला. पहिला अल्बम १९८३ चा. सुरुवातीचे अल्बम वडिलांनीच निर्मिती करून काढले. तेव्हा बँड चकचकीत कपडे, फुगवलेले केस अशा ग्लॅम मेटलमध्ये होता आणि डॅरेलचं टोपणनाव होतं डायमंड. डाइमबॅग हे नाव नंतर आलं.

१९८९ च्या सुमारास त्याला मेगाडेथकडून ऑफर आली. तेव्हा मेगाडेथ कितीतरी मोठा बँड होता. डॅरेलची एकच अट: विनीलाही ड्रमर म्हणून घ्या. पण त्यांच्याकडे ड्रमर आधीच होता. डॅरेल गेला नाही.

विचार करा, तेव्हा त्याच्याकडे अजून मोठ्या कंपनीचा एकही अल्बम नव्हता. नकाराची किंमत काय असेल हे त्याला कुठे माहीत होतं? पण १९९० मध्ये काउबॉइज फ्रॉम हेल आला, १९९२ मध्ये व्हल्गर डिस्प्ले ऑफ पॉवर आणि १९९४ चा फार बियाँड ड्रिव्हन तर थेट अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत पहिल्या नंबरवर उतरला.

त्या रिफ हेडफोन लावून ऐका. गिटार आणि ड्रम्स एकाच श्वासात थांबतात आणि एकाच श्वासात सुरू होतात. दोन ठोक्यांमधली ती करकरीत शांतता कोणत्याही पिकअपच्या डब्यात मिळत नाही. लहानपणापासून एकाच घरात, एकमेकांसोबत वाजवल्यावर ती येते. पिकअप फक्त ती लपवत नाही, एवढंच.

८ डिसेंबर २००४

२००३ मध्ये पँटेरा फुटला. भावांनी डॅमेजप्लॅन नावाचा नवा बँड काढला आणि पुन्हा छोट्या क्लबमधून सुरुवात केली. ८ डिसेंबर २००४ ला ओहायोतल्या कोलंबस शहरात अल्रोसा व्हिला या क्लबमध्ये कार्यक्रम सुरू होताच एक बंदूकधारी स्टेजवर चढला आणि त्याने डॅरेलवर गोळ्या झाडल्या. त्याच्यासह चार जणांचा जीव गेला. आत आलेल्या पोलिसाने हल्लेखोराला ठार केलं, नाहीतर आकडा अजून वाढला असता. डॅरेल अवघ्या ३८ वर्षांचा होता. विनी त्याच स्टेजवर, ड्रम्सच्या मागे होता.

अंत्यसंस्काराला एडी व्हॅन हेलन आला. त्याने आपली काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची जुनी गिटार डॅरेलच्या शवपेटीत ठेवली. २०१८ मध्ये विनीही गेला आणि त्याला टेक्सासमध्ये भावाच्या शेजारीच पुरलं.

मग मी कोणता पिकअप घेतला?

हे सगळं वाचल्यावर मी स्वतःला विचारलं की मला नक्की काय दुरुस्त करायचंय? डॅरेलचा पिकअप डॅरेलच्या कामाचा होता, कारण त्याचा अँप, त्याचा हात आणि त्याला हवा असलेला आवाज यांना तो जुळत होता. माझं काय? मग मी एकेक गोष्ट तपासली. तुम्हीही याच क्रमाने तपासा.

१. आधी फुकटचं काम. मी डिस्टॉर्शन निम्म्यावर आणलं आणि बास कमी केला. अर्धा चिखल तिथेच गेला! मग स्क्रू ड्रायव्हरने पिकअपची उंची बदलली. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तार आणि पिकअपमध्ये साधारण दोन-तीन मिलिमीटर ठेवा आणि तिथून कानाने ठरवा. फार जवळ नेला तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर बिघडतो.

२. घरघर कुठून येते? माझ्या गिटारमध्ये तिन्ही सिंगल कॉईल होते. म्हणजे घरघर खरीच पिकअपची होती, इथे हंबकर हवाच.

३. साइज. डॅरेलच्या नावाचा पिकअप पूर्ण आकाराचा, तो माझ्या गिटारच्या खाचेत बसलाच नसता. सिंगल कॉईलच्या आकाराचे हंबकर मिळतात, लाकूड न कापता बसतात.

४. एकाच आकड्यावर जाऊ नका. पिकअपच्या माहितीत किलोओम लिहिलेले असतात. ते मोबाईल कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलसारखं आहे. आकडा मोठा म्हणजे फोटो चांगला असं नसतं ना? वायरची जाडी बदलली तरी हा आकडा बदलतो. आणि वेढे फार वाढवले की आउटपुट वाढतो, पण वरचे टोकदार सूर कमी होतात. तारा खाली उतरवून वाजवत असाल तर हाच आवाज गढूळ वाटतो.

५. चुंबक आणि बॅटरी. सिरॅमिक चुंबकाचे पिकअप साधारणपणे घट्ट आणि धारदार वाजतात, अल्निकोचे जरा मऊ. अॅक्टिव्ह पिकअप स्वच्छ आणि शांत असतात, पण बहुतेकांना ९ व्होल्टची बॅटरी लागते आणि आत तिच्यासाठी जागाही.

शेवटी मी मध्यम आउटपुटचा, पट्ट्यांचा, सिंगल कॉईलच्या आकाराचा एक साधा हंबकर घेतला. फक्त ब्रिजसाठी. कार्टमधल्या त्या पिकअपच्या निम्म्याहून कमी पैशांत काम झालं. घरघर गेली.

आणि मग खरी गंमत झाली. घरघर गेल्यावर माझ्या चुका स्पष्ट ऐकू यायला लागल्या! उजव्या तळव्याने तारा नीट दाबल्या जात नव्हत्या, ताल सुटत होता. आधी हे सगळं चिखलात लपत होतं. आता रोज मेट्रोनोम अॅप लावून अर्धा तास बसतो. उरलेल्या पैशांतून तारांचे सेट घेतले आहेत, कारण या सरावात त्या बऱ्याच तुटतात.