अमेरिकेला झटपट कॉफीची चटक लावणारे जॉर्ज वॉशिंग्टन, पण हे ते राष्ट्राध्यक्ष नव्हेत!

२०२० चा लॉकडाऊन आठवतोय? दोन चमचे कॉफी, दोन चमचे साखर, दोन चमचे गरम पाणी घ्यायचं, हात दुखेपर्यंत फेटायचं, तो फेस थंड दुधावर ओतायचा आणि प्यायच्या आधी फोटो टाकायचा. डालगोना कॉफीने सगळ्यांचं इन्स्टाग्राम भरून गेलं होतं.

त्यात एक गोम होती. ही कॉफी इन्स्टंट पावडरचीच व्हायची. भाजलेल्या बिया दळून केलेली पूड कितीही फेटली, तरी हाती चोथाच यायचा. कारण इन्स्टंट पावडर ही बियांची पूड नसतेच. ती आधीच तयार करून, पाणी काढून टाकलेली कॉफी असते.

साध्या फिल्टर कॉफीच्या कपात ९८ टक्क्यांहून जास्त पाणी असतं. चव, रंग, कडूपणा, कॅफिन हे सगळं उरलेल्या दीड-दोन टक्क्यांत. मग तेवढंच विकलं आणि पाणी ज्याचं त्याने घरी घातलं तर? आज बाजारात मिळणारी कॉफी कॉन्सन्ट्रेटची बाटली असो की इन्स्टंटची पुडी, दोन्हींच्या मागे हाच विचार आहे. तो घराघरात विकून दाखवणाऱ्या माणसाचं नाव होतं जॉर्ज वॉशिंग्टन.

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष नव्हे. हे वॉशिंग्टन त्यांच्या जन्मानंतर जवळपास एकशेचाळीस वर्षांनी जन्मले आणि तेही अमेरिकेत नाही, तर बेल्जियममध्ये.

बत्तीच्या जाळीपासून सुरुवात

जॉर्ज कॉन्स्टंट लुई वॉशिंग्टन यांचा जन्म १८७१ सालचा, बेल्जियममधल्या कोर्टराइक गावचा. वडील इंग्रज, आई बेल्जियन. शिक्षण रसायनशास्त्राचं. लग्न झाल्यावर १८९७ च्या सुमारास ते बायकोसोबत न्यूयॉर्क परिसरात आले.

तेव्हा डोक्यात कॉफी नव्हती. गॅसबत्तीत पेटणारी पांढरी जाळी असते ना, जिला आपल्याकडे मेंटल म्हणतात, ती बनवण्याचा त्यांचा धंदा होता. पुढे दिव्यांपासून कॅमेऱ्यापर्यंत अनेक गोष्टींत त्यांनी हात घालून पाहिला. दोन डझनांहून जास्त पेटंट त्यांच्या नावावर जमा झाली.

१९०६-०७ च्या सुमारास ते ग्वाटेमालात गेले. हा कॉफीच्या मळ्यांचा देश. इथेच त्यांनी विरघळणाऱ्या कॉफीचे प्रयोग सुरू केले. असं सांगतात की, चांदीच्या कॉफीपात्राच्या तोटीवर सुकलेली बारीक पूड दिसली आणि त्यांची ट्यूब पेटली. ही गोष्ट खरी असो वा रचलेली, प्रयोग मात्र यशस्वी झाले.

मग शोध त्यांचाच का?

तर नाही. बऱ्याच पोस्टमध्ये त्यांना इन्स्टंट कॉफीचे जनक म्हटलेलं दिसतं, पण त्यांच्या आधी बरेच लोक या वाटेने गेले होते.

ग्लासगोच्या पॅटरसन अँड सन्सने १८७६ मध्ये कॅम्प कॉफी बाजारात आणली होती. कॉफी, चिकोरी आणि साखर यांचा हा दाट, काळा अर्क. चमचाभर कपात घ्यायचा, वर गरम पाणी किंवा दूध ओतायचं. तिच्या जुन्या लेबलवर तंबूबाहेर बसलेला स्कॉटिश सैनिक आणि शेजारी ट्रे घेऊन उभा असलेला शीख नोकर होता. अनेक वर्षांनी कंपनीने चित्र बदललं आणि दोघांना शेजारी शेजारी बसवलं.

त्यानंतर न्यूझीलंडच्या डेव्हिड स्ट्रँग यांनी विरघळणाऱ्या कॉफी पावडरचं पेटंट घेतलं. शिकागोत काम करणारे जपानी रसायनतज्ज्ञ सातोरी कातो यांनी १९०१ मध्ये बफेलोच्या प्रदर्शनात आपली पावडर लोकांसमोर ठेवली.

पण प्रयोग जमणं वेगळं आणि लाखो डबे विकणं वेगळं. वॉशिंग्टन यांनी दुसरी गोष्ट करून दाखवली. १९०९ मध्ये त्यांची कॉफी रेड ई कॉफी या नावाने विक्रीला आली. रेडी या शब्दावर केलेला तो विनोद होता. १९१० मध्ये कंपनी उभी राहिली आणि पुढे डब्यावर मालकाचंच नाव झळकलं. अमेरिकेत या नावाची वेगळी ओळख करून द्यायची गरजच नव्हती!

जाहिरातींचा सूर सरळ होता. कॉफीचं भांडं नको, उकळणं नको, गाळणं नको, चोथा फेकायला नको. कपात पावडर टाका आणि पाणी ओता.

खंदकातला जॉर्ज

चवीबद्दल मात्र तक्रारी होत्या. यामागे साधं कारण आहे. कॉफीचा सुगंध ज्या घटकांमुळे येतो, ते पटकन उडून जातात. पाणी आटवताना वाफेबरोबर तेही जातात. कडूपणा मागे राहतो, वास नाही. ज्यांच्या घरी चूल आणि वेळ दोन्ही होतं, त्यांनी या पावडरीकडे का वळावं?

याचं उत्तर युद्धाने दिलं. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. समोर शत्रू, पायाखाली चिखल आणि अंगात थंडी असताना खंदकात कॉफी उकळत बसणार कोण? पेटवलेल्या आगीचा धूर दिसला की तोफेचा गोळा ठरलेलाच. अशा ठिकाणी पाण्यात नुसती ढवळून होणारी कॉफी म्हणजे चैन नव्हती, आधार होता. सैनिक कॉफीला जॉर्ज म्हणू लागले.

मागणी इतकी वाढली की ऑक्टोबर १९१८ मध्ये सैन्याला रोज ३७ हजार पौंड, म्हणजे जवळपास १७ टन पावडर हवी होती. सगळ्या अमेरिकेचं उत्पादन होतं रोज ६ हजार पौंड. युद्धाच्या शेवटच्या काळात वॉशिंग्टन यांचा सगळा माल सैन्यानेच उचलला. त्याच वर्षी ते स्वतः अमेरिकेचे नागरिक झाले.

शेरलॉक होम्सचा प्रायोजक

युद्ध संपलं आणि खंदकातली ही सवय घरी आली. वॉशिंग्टन श्रीमंत झाले. आधी ब्रुकलिनमध्ये वाडा आणि १९२७ पासून न्यूजर्सीत मोठी इस्टेट. तिथे हरणं, मेंढ्या, शेळ्या आणि नाना जातींचे पक्षी पाळले. त्याच वर्षी कर खात्याशी चाललेला एक वाद मात्र ते हरले.

१९३० मध्ये एनबीसी रेडिओवर शेरलॉक होम्सची मालिका सुरू झाली, तिचा प्रायोजक होता जी. वॉशिंग्टन कॉफी. निवेदक डॉ. वॉटसनच्या घरी जायचा, कॉफीचा विषय निघायचा आणि मग रहस्यकथा सुरू व्हायची. कार्यक्रमातच जाहिरात मिसळायची युक्ती आजच्या इन्फ्लुएन्सर्सची नाही, हे यावरून कळतं.

पण १९३८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये नेसकॅफे आली आणि खेळ बदलला. १९४३ मध्ये वॉशिंग्टन यांची कंपनी अमेरिकन होम प्रॉडक्ट्सला विकली गेली. २९ मार्च १९४६ रोजी त्यांचं निधन झालं. १९६१ पर्यंत त्यांची कॉफीही बंद पडली. अमेरिकेत त्यांचं नाव उरलं ते एका मसाल्याच्या पाकिटावर.

घरच्या फ्रिजमधली बाटली

आज पुन्हा कॉन्सन्ट्रेटचे दिवस आलेत. फरक इतकाच की उष्णतेने जाणारा वास वाचवायला अनेक जण आता गरम पाणीच टाळतात. घरी करायचं असेल तर एक वाटी जाडसर दळलेली कॉफी आणि चार वाट्या थंड पाणी एकत्र करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी स्वच्छ सुती फडक्यातून गाळा. हवं तेव्हा एक भाग अर्क आणि दोन भाग पाणी किंवा दूध घ्या. दाक्षिणात्य घरांत पितळी फिल्टरमधलं डिकॉक्शन याच हिशेबाने वापरतात.

आणि सकाळी गाडी चुकायची वेळ आली असेल, तर पुडी फाडा, पाणी ओता. गडबडीतल्या त्या कपाला एकदा जॉर्ज म्हणून बघा.